विश्लेषण : बाहेरच्या ‘घड्याळा’ने गाणे खरेच सुधारते का?

मूळ ध्वनिमुद्रणातले काहीही न गाळता पोहोचणारे, म्हणजे ‘लॉसलेस’ संगीत आता मोबाइलच्या वर्गणीत मिळते. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये ते जादा पैसे न घेता सुरू केले. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये भारतातील सर्वात वरच्या वर्गणीत त्याचा समावेश केला. फाइल पूर्ण मिळाली, की पुढचा प्रश्न ती वाजवणाऱ्या यंत्राचा येतो. आधी डॅक, मग स्ट्रीमर आणि या यादीच्या शेवटी एक असा पेटारा, ज्यातून आवाज येत नाही आणि ज्यात गाणेही साठवले जात नाही. तो फक्त ‘वेळ’ पुरवतो. त्याला मास्टर क्लॉक म्हणतात आणि त्याची किंमत अनेकदा काही लाख रुपयांत असते. एवढे पैसे मोजून ऐकू येणाऱ्या आवाजात काय बदलते, याचा हा वेध.

डिजिटल संगीताला घड्याळ कशासाठी लागते?

डिजिटल फाइलमध्ये ध्वनीची लहर सलग नसते. ठरावीक अंतराने तिची उंची मोजून ते आकडे साठवलेले असतात. सीडीच्या मानकात दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. चित्रपट आणि व्हिडीओसाठी हाच वेग बहुधा ४८,००० असतो. गाणे वाजवताना हे आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलावे लागतात. ते काम डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे डॅक करतो. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही या सगळ्यांत तो असतो. हौशी मंडळी त्यासाठी वेगळे यंत्र घेतात.

प्रत्येक आकडा बरोबर असणे पुरेसे नसते. तो बरोबर क्षणी बाहेर पडावा लागतो. हा क्षण ठरवणारे घड्याळ म्हणजे क्वार्ट्झ स्फटिकाचा एक छोटा ऑसिलेटर. चांगल्या डॅकमध्ये बहुधा असे दोन असतात. एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचा, जो ४४,१०० च्या ५१२ पट आहे; दुसरा २४.५७६ मेगाहर्ट्झचा, जो ४८,००० च्या ५१२ पट आहे. या ठोक्यांना भागत गेले, की नमुन्यांचा वेग मिळतो.

जिटर म्हणजे काय?

कोणत्याही घड्याळाचे ठोके तंतोतंत समान अंतराने पडत नाहीत. एखादा किंचित आधी पडतो, एखादा किंचित नंतर. या थरथरीला जिटर म्हणतात. लहर वर चढत असताना नमुना क्षणभर उशिरा बाहेर पडला, तर त्या क्षणी लहरीची उंची चुकीची ठरते. म्हणजे वेळेतली चूक शेवटी आवाजातली चूक होऊन बाहेर येते. स्वर जितका उंच, तितकी लहर वेगाने चढते-उतरते आणि तितकी ही चूक वाढते.

हिशेब सोपा आहे. पूर्ण क्षमतेने वाजणाऱ्या २० किलोहर्ट्झच्या स्वरात ठोका सुमारे २४० पिकोसेकंद चुकला, तर १६ बिटच्या मोजपट्टीवर सर्वात छोट्या एका घराएवढी चूक होऊ शकते. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा काळ. हा आकडा पाहिला, की जिटरची एवढी चर्चा का होते हे कळते. पण मोजपट्टीवर दिसणारी चूक कानालाही जाणवते का, हा वेगळा प्रश्न आहे.

ही चर्चा सुरू कुठून झाली?

तिचे मूळ दोन पेटाऱ्यांच्या पद्धतीत आहे. सीडी फिरवणारा ट्रान्स्पोर्ट एका खोक्यात आणि डॅक दुसऱ्या खोक्यात, अशी रचना १९८० च्या दशकात आली. दोघांना जोडणाऱ्या केबलवर सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेली एसपीडीआयएफ पद्धत वापरली जाऊ लागली. या पद्धतीत आकडे आणि घड्याळ एकाच तारेतून, एकमेकांत मिसळून जातात. डॅकला येणाऱ्या संकेतातून ठोके वेचून आपले घड्याळ त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. हे जुळवणाऱ्या सर्किटला फेज-लॉक्ड लूप, थोडक्यात पीएलएल म्हणतात. केबलमध्ये संकेत थोडा जरी बोथट झाला, तरी ठोक्याची कड नेमकी कोणत्या क्षणी आली हे ओळखताना डॅक चुकतो. शिवाय ही चूक त्या क्षणी जाणाऱ्या संगीतावरही अवलंबून असते.

माल्कम हॉक्सफर्ड आणि ख्रिस डन या ब्रिटिश संशोधकांनी १९९२ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधाचे शीर्षकच, ही जोडणी सदोष आहे का, असे विचारणारे होते. ज्युलियन डन या अभियंत्याने जिटर उघडा पाडणारा ‘जे-टेस्ट’ हा चाचणी-संकेत तयार केला. उपकरणांच्या परीक्षणांत तो आजही वापरला जातो. थोडक्यात, तक्रार काल्पनिक नव्हती. त्या काळच्या अनेक यंत्रांत दोष होता आणि तो मोजता येत होता.

त्यावरचा एक उपाय म्हणजे बाह्य क्लॉक. ट्रान्स्पोर्ट आणि डॅक या दोघांनाही तिसऱ्या पेटाऱ्यातून एकच ठोका द्यायचा, म्हणजे डॅकला तो केबलमधून वेचत बसावे लागत नाही. केंब्रिजची डीसीएस ही कंपनी याच वाटेने गेली. तिच्या २०१२ मधील व्हिवाल्डी मालिकेत ट्रान्स्पोर्ट, अपसॅम्पलर, डॅक आणि क्लॉक असे चार स्वतंत्र पेटारे होते.

मग तो दोष आजही आहे का?

बहुतांश घरांत नाही, कारण दरम्यान जोडणीच बदलली. आज गाणे बहुधा संगणकातून किंवा स्ट्रीमरमधून यूएसबीमार्गे डॅकपर्यंत जाते. त्यातील ‘असिंक्रोनस’ पद्धतीत घड्याळाची मालकी डॅककडे असते. डॅक आपल्या ठोक्याने नमुने बाहेर सोडतो आणि साठा कमी होऊ लागला, की संगणकाकडे पुढचे आकडे मागतो. संगणक ते कधी पाठवतो याला महत्त्व राहत नाही. साठा रिकामा होऊ नये एवढेच पुरते. नळाला पाणी येण्याच्या वेळा कितीही अनियमित असल्या, तरी गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर घरातली धार सारखी राहते, तसेच हे आहे. वायफायवरून किंवा इंटरनेटवरून येणाऱ्या गाण्यालाही हाच नियम लागू होतो.

म्हणजे आज निर्णायक ठरते ते डॅकच्या चिपशेजारी बसवलेले घड्याळ. ते चांगले असेल, तर ठोक्याला चिपपर्यंत जाण्यासाठी काही सेंटिमीटरच अंतर कापावे लागते.

बाहेरचे घड्याळ जास्त अचूक असते, मग ते चांगले का नाही?

येथे ‘अचूक’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळे गुण झाकले जातात. जाहिरातींतला बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो.

एक तबलजी घ्या. त्याची लय ठरल्यापेक्षा केसभर संथ आहे, म्हणून तासाभराची मैफल काही क्षण उशिरा संपते. पण ठेका एकदाही डळमळत नाही. दुसरा मैफल बरोबर ठरल्या वेळी संपवतो. पण प्रत्येक मात्रा किंचित मागेपुढे पडते. घड्याळाच्या कसोटीवर दुसरा अचूक ठरेल, श्रोता मात्र पहिल्याला दाद देईल. डॅकला हवे असते ते पहिल्या तबलजीसारखे घड्याळ.

साध्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या वारंवारितेत दहा लाखांत ५० भागांची चूक असू शकते. त्यामुळे पाच मिनिटांचे गाणे १५ मिलिसेकंद आधी किंवा नंतर संपेल. स्वर सरकेल तो एका अर्धस्वराच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तो फरक कोणत्याही कानाला कळणार नाही. ज्यांनी कॅसेटच्या जमान्यात टेप ओढत वाजताना ऐकली आहे, त्यांना वेगातला ऐकू येणारा दोष कसा असतो हे ठाऊक आहे. तो यापेक्षा कितीतरी पट मोठा असतो.

महागड्या क्लॉकमध्ये वापरले जाणारे रुबिडियम हे अणुघड्याळ याच दीर्घकालीन चुकीवरचा उपाय आहे. रुबिडियमच्या अणूची ठरावीक वारंवारिता पाहून ते आतल्या क्वार्ट्झ ऑसिलेटरला वेळोवेळी ताळ्यावर आणते. म्हणजे अणुघड्याळातही प्रत्यक्ष ठोका देणारा क्वार्ट्झच असतो. क्षणाक्षणाची थरथर त्याच्या दर्जावर ठरते, अणूवर नाही. म्हणूनच काही उत्पादक रुबिडियमऐवजी ओव्हनमध्ये स्थिर तापमानाला ठेवलेल्या उत्तम स्फटिकाला पसंती देतात. निदान त्यांचा रोख योग्य गुणावर असतो.

रुबिडियमची खरी गरज कुठे असते, याचे उदाहरण भारतातच आहे. उपग्रहाच्या घड्याळात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतराच्या हिशेबात सुमारे ३० सेंटिमीटरची चूक. नाविक प्रणालीतील आयआरएनएसएस-१ए या उपग्रहाची आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली, तेव्हा स्थान सांगण्याचे त्याचे कामच थांबले. पुढे २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये इस्रोने स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवले. दिशादर्शनात दिवसेंदिवस वेळ न ढळणे हाच कामाचा गाभा आहे. गाणे ऐकताना तशी गरज पडत नाही.

१० मेगाहर्ट्झची अडचण कोणती?

घरगुती वापरासाठी विकली जाणारी बरीच बाह्य क्लॉक १० मेगाहर्ट्झचा ठोका देतात. हा आकडा संगीतातून आलेला नाही. तो प्रयोगशाळांतील मोजणी-यंत्रांचा आणि दूरसंचाराचा प्रचलित संदर्भ आहे. डॅकला मात्र २२.५७९२ मेगाहर्ट्झ हवे असतात. १० वरून तिथे पोहोचण्यासाठी ७०५६ ने गुणून ३१२५ ने भागावे लागते. हे काम डॅकमधला पीएलएल करतो.

याचा अर्थ असा, की बाहेरचा ठोका थेट चिपपर्यंत जातच नाही. तो केबलमधून येतो, पीएलएलमधून जातो आणि त्यातून तयार झालेला नवा ठोका चिपला मिळतो. त्यामुळे अंतिम दर्जा बाहेरच्या पेटाऱ्याइतकाच आतल्या पीएलएलवरही ठरतो. पीएलएल सामान्य असेल, तर दोन लाखांचे क्लॉक जोडूनही मिळणारा ठोका डॅकच्या मूळ स्फटिकाहून वाईट असू शकतो. शिवाय या जोडणीत ५० आणि ७५ ओहम अशा दोन प्रकारच्या केबल चालतात. दोन टोकांचा मेळ बसला नाही, तर संकेत उलटा परावर्तित होऊन ठोक्याची कड आणखी बिघडवतो.

ब्रिटनच्या ‘साऊंड ऑन साऊंड’ या स्टुडिओ-व्यावसायिकांच्या मासिकाने २०१० मध्ये हे तपासून पाहिले. काही कन्व्हर्टर आधी स्वतःच्या घड्याळावर आणि मग वेगवेगळ्या बाह्य क्लॉकवर चालवून मोजमाप घेतले. बाहेरच्या घड्याळाने दर्जा सुधारत नाही, उलट थोडा घसरू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

कानाला किती जिटर कळतो?

डॉल्बीतील एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी १९९८ मध्ये यावर प्रयोग मांडले. मुद्दाम निवडलेल्या शुद्ध उच्च स्वरांत सर्वात तयार कानांना सुमारे १० नॅनोसेकंदांचा जिटर ओळखता आला. प्रत्यक्ष संगीतात ही मर्यादा २० नॅनोसेकंदांच्या वर होती. जपानमधील काओरू आशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना त्यांच्या आवडीची यंत्रणा आणि आवडीचे संगीत वापरू दिले. तेथे यादृच्छिक जिटर ओळखण्याची मर्यादा काही शे नॅनोसेकंद निघाली.

आता आजच्या यंत्रांकडे पाहू. चांगल्या डॅकमध्ये जिटर १०० पिकोसेकंद किंवा त्याहून बराच कमी असतो. म्हणजे सर्वात कडक प्रयोगातील मर्यादेच्या शंभराव्या भागाहूनही कमी. १० किलोहर्ट्झच्या स्वरावर १०० पिकोसेकंदांच्या जिटरने होणारा गोंगाट मूळ स्वराच्या सुमारे १०४ डेसिबल खाली असतो. त्याउलट चांगल्या स्पीकरची स्वतःची विकृतीच ४० ते ६० डेसिबल खाली असते. एक दोष आधीच त्याच्या शंभरपटीहून मोठ्या दोषाखाली दबलेला असताना तो आणखी दहापट कमी केल्याने काय हाती लागते, हा बाह्य क्लॉकच्या समर्थकांपुढचा सर्वात अवघड प्रश्न आहे.

मग अनेकांना फरक ऐकू येतो, तो कसा?

समर्थकांचे म्हणणे असे, की जिटरचा एकच सरासरी आकडा पुरेसा नाही. थरथर वेगवान आहे की संथ, यावर तिचा परिणाम ठरतो. संथ थरथर मुख्य स्वराला चिकटून बसते आणि वाद्यांची जागा, आवाजाची खोली बिघडवते, असे ते सांगतात. थरथरीच्या प्रकाराने परिणाम बदलतो हे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण स्वराला चिकटून असलेला दोष त्याच स्वराच्या जोरामुळे कानापुरता झाकला जातो, हेही श्रवणविज्ञानातले जुने निरीक्षण आहे. म्हणजे हा युक्तिवाद दावेदारांच्या बाजूने जाण्याऐवजी उलटही फिरतो.

फरक सांगणारे सगळे खोटे बोलतात, असे मात्र नाही. क्लॉक बदलताना डॅकला नव्या ठोक्याशी जुळायला काही क्षण लागतात आणि तेवढ्यात आवाज बंद होतो. बदल झाला आहे हे श्रोत्याला आधीच कळते. सूक्ष्म आवाजाची स्मृती फार काळ टिकत नाही. दुसऱ्यांदा तेच गाणे ऐकताना लक्ष नव्या जागी जाते, आधी निसटलेली हरकत ऐकू येते आणि श्रेय नव्या पेटाऱ्याला मिळते. मोठा खर्च केलेल्या माणसाला सुधारणा ऐकू यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा अनुभव खरा असतो. प्रश्न त्या अनुभवाच्या कारणाचा आहे.

ते शोधण्याची पद्धत महाग नाही. दुसऱ्या व्यक्तीने पडद्याआडून, नाणे उडवून क्लॉक चालू किंवा बंद करायचे आणि दर वेळी सारखाच खंड ठेवायचा. श्रोत्याने फक्त ऐकून ओळखायचे. १६ पैकी १२ वेळा बरोबर उत्तर आले, तर ते निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. परत घेण्याच्या अटीवर विक्रेत्याकडून यंत्र घरी आणले, तर ही चाचणी एका संध्याकाळी होते.

बाह्य क्लॉक निरुपयोगीच आहे का?

अजिबात नाही. त्याचे खरे घर स्टुडिओ आहे. मुंबईतल्या एखाद्या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणात अनेक कन्व्हर्टर, मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच वेळी चालतात. प्रत्येकाने आपल्या घड्याळाने चालायचे ठरवले आणि दोघांत दहा लाखांत अवघ्या २० भागांचा फरक असला, तरी ४८,००० च्या वेगाने दर सेकंदाला जवळपास एक नमुना सांडतो किंवा दोनदा मोजला जातो. आवाजात टकटक येऊ लागते. म्हणून सगळ्यांना ‘वर्ड क्लॉक’ नावाचा एकच ठोका दिला जातो. प्रक्षेपण वाहिन्या आणि मोठ्या मैफलींत हेच काम आता नेटवर्कवरून होते. येथे हेतू प्रत्येक यंत्राचा आवाज सुधारणे हा नसतो. सगळी यंत्रे एका लयीत राहावीत, एवढाच असतो. वेगळा ट्रान्स्पोर्ट आणि वेगळा डॅक जुन्या पद्धतीने जोडणाऱ्या घरातही त्याला अर्थ असू शकतो, विशेषतः ती दोन्ही यंत्रे त्यासाठीच बनवलेली असतील तर.

ग्राहकाने काय पाहावे?

पहिली गोष्ट, डॅक यूएसबी किंवा नेटवर्कवरून चालतो का? चालत असेल, तर घड्याळ आधीच त्याच्या हातात आहे. दुसरी, डॅकला क्लॉकची जोडणी आहे का आणि ती कोणत्या वारंवारितेची आहे? बऱ्याच डॅकना ती नसतेच. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, बाह्य क्लॉक जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर त्याच डॅकच्या अ‍ॅनालॉग आउटपुटवर घेतलेले मोजमाप उत्पादक दाखवतो का? क्लॉकच्या पेटाऱ्याचा स्वतःचा आलेख कितीही सुंदर असला, तरी तो या प्रश्नाचे उत्तर नाही. कारण कानापर्यंत पोहोचतो तो डॅकचा आवाज, क्लॉकचा नव्हे.

त्याच पैशात काय बदलता येते, हेही तपासावे. फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या शहरी फ्लॅटच्या दिवाणखान्यात काही खर्जाचे स्वर दहा-दहा डेसिबलने फुगतात आणि काही गायबच होतात. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढणे, खाली जाड गालिचा, मागे पुस्तकांचे भरलेले कपाट, एवढ्यानेही फरक पडतो आणि तो ओळखायला पडदा लावावा लागत नाही. हे सगळे करून झाल्यावरही पैसे उरत असतील आणि हौस म्हणून क्लॉक घ्यायचे असेल, तर घेणाऱ्याला कोणी अडवलेले नाही. फक्त पावती फाडण्याआधी ती १६ वेळांची चाचणी करून घ्यावी.